आपला हिवाळा आषाढात येतो : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या कॅलेंडरवर जानेवारीच्या पानाला बर्फातला जुना लाल बार्न, म्हणजे तिकडच्या शेतावरचा गोठा आणि कोठार एकाच छपराखाली, आहे आणि मी सकाळचा चहा घेताना त्याच्याकडेच बघत बसते. बस, एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मधुमेह, सोसायटीची पार्किंग, सुनेचं नाव बदलायचं की नाही हे आपले नेहमीचे विषय या वेळी बाजूला राहिलेत आणि सगळ्यांना गोठेच आठवलेत. मुंबईत पारा सतरावर आला की आपण कपाटातून स्वेटर काढतो, डांबराच्या गोळ्यांचा वास अंगभर घेऊन लोकलमध्ये चढतो, अशा दिवसांत हा अंक हातात पडतोय, तेव्हा चालेल.

प्रश्न : बर्फ मी आयुष्यात पाहिलेला नाही, शेतीशी संबंध म्हणजे कुंडीतली तुळस. तरी बर्फातले ते जुने लाकडी बार्न बघितले की आत काहीतरी हलतं, हजार तुकड्यांचं जिगसॉसुद्धा मी त्याचंच आणलंय. जे कधी पाहिलंच नाही त्याची आठवण कशी येते? (दादरहून एक वाचक)

आधी सरळ गोष्ट सांगते. फोटोची कमाल त्यात आहेच. बर्फ पडला की अंगणातला सगळा पसारा, चिखल, मोडकी गाडी, गंजलेला नांगर, सगळं झाकलं जातं आणि उरते ती फक्त एक मोठी इमारत आणि तिचं छप्पर. आपल्याकडे एवढी मोकळी चौकट कुठे मिळते, आपण समुद्राचा फोटो काढला तरी कोपऱ्यात कोणाची तरी भेळ येते.

पण मला वाटतं खरं कारण दिसण्यात नाहीये, आत काय आहे हे माहीत असण्यात आहे. त्या थंड देशांत वर्षातले चार-पाच महिने जमिनीत काही उगवत नाही. म्हणजे उन्हाळ्यात कापलेलं गवत, धान्य, जनावरं, अवजारं, सगळं एका छपराखाली आणायचं आणि वसंत येईपर्यंत त्यावर काढायचं. वर माळ्यावर गच्च भरलेलं गवत, खाली गुरं. वरचं गवत रोज थोडं थोडं खाली ढकलायचं, ते गुरं खाणार, आणि जोवर ते वर आहे तोवर तेच रजईसारखं ऊब धरून ठेवणार. अमेरिकेतल्या त्या सपाट गवताळ मुलखात तर हिमवादळात समोरचा हात दिसत नाही म्हणून घरापासून बार्नपर्यंत दोर बांधून ठेवायचे, तो धरून धार काढायला जायचं, आणि मेन, न्यू हॅम्पशायर भागात लोकांनी घर, स्वयंपाकघर, लाकडाची खोली आणि बार्न असं सगळं एकाला एक जोडूनच टाकलं, बाहेर पाऊलच नको.

आता हे आपल्याला का ओळखीचं वाटतं? आपल्याला आगोट माहीत आहे. तुमच्या आजीला विचारा, आजी नसतील तर शेजारच्या कोकणातल्या मावशींना विचारा. मृगाच्या आधी मीठ, सुकी मासळी, कडधान्य, चुलीची लाकडं, शेणी, गुरांचा पेंढा, सगळी चार महिन्यांची बेगमी आत. मग बाहेर आषाढ नुसता कोसळतोय, वहाळ भरून वाहतोय, आणि गोठ्यात गुरं पेंढा चघळत कोरडी उभी आहेत. आपला हिवाळा हाच, आषाढात येणारा. रंग पांढरा नाही, हिरवा-काळा आहे, एवढाच फरक. कॅलेंडरवरचा बार्न बघून तुमच्या आत जे हलतं ना, ते बर्फाचं नसावं, बाहेर थैमान चाललंय आणि आत भरलेलं आहे याचं असावं.

माझंच सांगते. संगमेश्वराकडे आजोळी गोठा घराला लागूनच होता, मधे एक पडवी. डिसेंबरच्या सुट्टीत पहाटे तिथे इतकं गार असायचं की तोंडातून वाफ यायची, आणि आजी मला गोठ्यात पाठवायची, हात गरम करून ये म्हणून. हात गरम करायची जागा म्हणजे तांबूच्या गळ्याखालची पोळी. ती मऊ, लोंबती कातडी असते ना, तिच्या दोन्ही बाजूंनी हात लावून उभं राहायचं. गाईच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा दीडेक डिग्री जास्तच असतं, पण ते कळायला मला बरीच वर्षं लागली, तेव्हा वाटायचं ती माझ्यासाठीच गरम होते. ती मधूनच जोरात श्वास सोडायची आणि माझी बाही ओली व्हायची, त्याला गवताचा गोडसर आंबूस वास. तुमच्या जिगसॉच्या डब्यातून तो वास येत नाही, हाच काय तो तोटा.

प्रश्न : बार्न लालच का? आमचा मुलगा म्हणतो जनावरांचं रक्त फासायचे म्हणून. खरं का हो? (ठाण्याहून एक आई)

रक्ताची गोष्ट सगळ्यांना फार आवडते, त्यामुळे ती मरत नाही. मुख्य रंग मात्र साधा गंज आहे. लोखंडाचं ऑक्साइड असलेली लाल माती स्वस्त आणि भरपूर. ती जवसाच्या तेलात किंवा चुना आणि साय काढलेल्या दुधात कालवायची आणि लाकडावर मारायची. तेल लाकडात मुरतं, पाणी आत शिरू देत नाही. शंभर फूट लांबीची भिंत रंगवायची म्हटल्यावर शेतकरी महागडा रंग कशाला घेईल? स्वीडनमध्ये फालून गावाच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या मातीचा असाच लाल रंग शेकडो वर्षं घरांना आणि कोठारांना लावतात. ती खाण १९९२ मध्ये बंद पडली, रंग चालूच आहे.

आणि हा रंग परदेशी म्हणून तुम्ही कौतुक करताय पण तो तुमच्या दारात आहे. गेरू! तोच लोह-ऑक्साइडचा लाल. तुळशीवृंदावनाला लावतो तो, कुंड्यांना लावतो तो. वारल्यांच्या झोपडीची भिंत आठवा, खाली गेरूचा लाल आणि वर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. आता लाल बार्न आणि त्याच्या दाराच्या पांढऱ्या पट्ट्या आठवा. डहाणू आणि स्वीडन यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं, दोघांनाही जे पायाखाली सापडलं ते दोघांनी वापरलं.

मुलाला अजून एक सांगा म्हणजे तो गप्प बसेल. सगळे बार्न लाल नसतात. सुरुवातीचे बहुतेक तर बिनरंगाचेच होते, ऊनपावसाने राखाडी पडलेले. वायोमिंगमध्ये टेटॉन डोंगरांच्या पायथ्याशी मॉर्मन रो म्हणून जुनी वस्ती आहे, तिथला मोल्टन बार्न, जगात सगळ्यात जास्त फोटो काढलेला बार्न असं ज्याला म्हणतात, त्याला रंगाचा हात लागलेला नाही. नुसतं तपकिरी लाकूड आणि मागे बर्फाचे सुळके.

प्रश्न : बार्नवर रांगोळीसारख्या चांदण्या काढतात म्हणे, दृष्ट लागू नये म्हणून? (विरार)

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांची ती पद्धत. चेटकिणीला अडवायला की नुसतं छान दिसायला, यावर त्यांच्यातच वाद आहे. आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो तेव्हा तरी कुठे नक्की सांगतो.

प्रश्न : लेक लंडनला हीथ्रोजवळ राहते, डिसेंबरात पंधरा दिवस जातोय. गुडघ्यांमुळे फार हिंडता येत नाही. जवळपास एखादं जुनं बार्न बघण्यासारखं आहे का? (बोरिवलीहून आजी-आजोबा)

आजी, तुमच्या लेकीने जागा अगदी बरोबर निवडलीये. विमानतळाच्या उत्तरेला लागूनच हार्मंड्सवर्थ नावाचं गाव आहे, तिथे १४२६ साली बांधलेलं ग्रेट बार्न अजून उभं आहे. ओक लाकडाचं, जवळपास १९० फूट लांब. म्हणजे आपल्या लोकलचे साधारण तीन डबे एकामागे एक लावा. विंचेस्टर कॉलेजची ती इस्टेट होती, तिथलं धान्य साठवायला बांधलं. कवी जॉन बेट्जमन त्याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हणायचे. मधे उंच मोकळी जागा, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर तुळयांचं जाळं, अगदी चर्चसारखं. खांब थेट जमिनीत नाहीत, दगडाच्या बैठकीवर आहेत, म्हणजे आपल्या वाड्यातल्या खांबाखाली तळखडा असतो ना तेच. ओल वर चढू नये आणि लाकूड कुजू नये. मधल्या काळात त्याची बरीच आबाळ झाली होती, शेवटी २०११ मध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेने ते विकत घेतलं.

आता वाईट बातमी. आत सोडतात ते एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान ठरावीक रविवारी, डिसेंबरात बाहेरूनच बघावं लागेल. तरी जाच. काळ्या फळ्यांची ती लांबलचक भिंत, तिच्यावर धुकं, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान. लेकीला आधी एकदा चौकशी करायला सांगा म्हणजे फुकट खेप नको.

एक गोष्ट मात्र बघून या. जुन्या इंग्लिश कोठाराची दारं प्रचंड उंच असतात, भरलेली गाडी आत यावी म्हणून. आणि खूप ठिकाणी दोन दारं समोरासमोर असतात, मधल्या जमिनीवर हिवाळाभर मळणी चालायची. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार, त्यात धान्य उडवायचं, भूस निघून जातं. आजोबांना लगेच कळेल, ही आपली उफणणीच. फक्त आपण खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैल फिरवून उघड्यावर मळणी करायचो, मग वारा सुटेपर्यंत सूप हातात घेऊन वाट बघत बसायचो, कारण आपल्याकडे पीक निघाल्यावर पाऊस नसतो. त्यांच्याकडे तेव्हा आभाळातून काहीतरी पडतच असतं, म्हणून त्यांनी खळ्यावरच छप्पर घातलं आणि वाऱ्यासाठी दारं ठेवली.

प्रश्न : बार्नला मराठीत काय म्हणायचं? मी भाषांतराची कामं करते, दर वेळी अडते. गोठा म्हटलं तर धान्य राहतं, कोठार म्हटलं तर गाय राहते. (पार्ले)

अडणारच. एक शब्द नाहीये कारण आपल्याकडे ती एक इमारतच नाहीये. तिकडे बर्फाने सगळ्यांना एकत्र कोंडलं, आपण सगळं पसरून ठेवलं. गुरं गोठ्यात, पेंढा बाहेर उडवीत, देशावर कडबा गंजीत, भात कणगीत नाहीतर पेंढ्यात बांधलेल्या मुडीत, ज्वारी भिंतीतल्या बळदात, आणि जास्त असेल तर जमिनीखाली पेवात. पेव फुटणं म्हणतो ना आपण, ते यातलंच. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, २००५ च्या महापुरात त्यातली कित्येक बुडून वाया गेली. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरायचं नाही, आत साठलेल्या वायूने माणूस गुदमरतो, हे तिथे पोराटोरांनाही माहीत असायचं.

गंमत म्हणजे इंग्रजीत बार्नचा मूळ अर्थ जवाचं घर. जुन्या इंग्रजीत बेरे म्हणजे जव आणि एर्न म्हणजे घर. म्हणजे सुरुवातीला तेही कोठारच, गाय नंतर आत आली. तुमच्या भाषांतरात गाय हंबरत असेल तर गोठा लिहा, धान्य असेल तर कोठार, आणि दोन्ही असेल तर सरळ बार्न लिहा, लोकांना कळतं आता. धान्यागार मात्र कृपा करून नको, त्यात सरकारी शिक्का दिसतो.

प्रश्न : आमच्या चाळीत जिन्यावरच्या माळ्यात एक पांढरं तोंडवालं घुबड येऊन बसलंय. रात्री फिस्स करतं. शेजारच्या काकू म्हणतात अपशकुन, हाकला. मुलं म्हणतात राहू दे. काय करू? (गिरगाव)

मुलांचं ऐका. चेहरा बदामाच्या आकाराचा आहे ना, मधून चिरलेल्या सफरचंदासारखा? मग ते गव्हाणी घुबड, आणि आजच्या विषयात ते आपण होऊन आलंय म्हणायला हरकत नाही. इंग्रजीत त्याचं नावच बार्न आउल आहे आणि मराठीत गव्हाणी, म्हणजे गव्हाणीपाशी राहणारं, जिथे गुरांना वैरण घालतात तिथलं. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी त्याला एकाच जागी बघितलं आणि एकसारखंच नाव ठेवलं.

कारण एकच, उंदीर. जिथे धान्य तिथे उंदीर, जिथे उंदीर तिथे हे. इंग्लंडात जुन्या कोठारांच्या त्रिकोणी भिंतीत वरती मुद्दाम एक भोक ठेवायचे, घुबडाला ये-जा करायला, म्हणजे बिनपगारी नोकर. त्याचे दोन कान वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे मिट्ट काळोखातही आवाजावरून उंदीर नेमका कुठे आहे ते त्याला कळतं. आणि पिसांना मऊ झालर असते म्हणून उडताना आवाज शून्य. बर्फाच्या देशात याचा हिवाळा फार कठीण जातो, उंदीर बर्फाखालून पळतात आणि हे वर उपाशी, तेव्हा त्याला जुन्या बार्नचाच आधार. गिरगावात त्याला ती अडचण नाही. तुमच्या चाळीच्या मागची गल्ली मला माहीत आहे, वर्षभराची सोय आहे त्याची.

काकूंना सांगा, लक्ष्मीचं वाहन आहे, हाकलून कशाला देताय. शिवाय कायद्यानेही त्याला त्रास देता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. फिस्स करतायत ती बहुतेक पिल्लं असतील, दोन-तीन महिन्यांत उडतील. माळ्यावर दिवा लावू नका, फोटोसाठी फ्लॅश मारू नका. जखमी दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

प्रश्न : गावचा आजोबांचा गोठा पडायला आलाय. गुरं कधीच गेली. भावाला तिथे होमस्टे करायचाय, आर्किटेक्ट म्हणतो एक बाजू पूर्ण काचेची करू, आतून प्लास्टर मारू, वर पत्रे. मला नको वाटतंय पण कारण सांगता येत नाही. (मुलुंडहून, गाव मुरुडजवळ)

कारण मी सांगते, माझं हे सगळं करून झालंय. आम्ही संगमेश्वरचा गोठा गळतो म्हणून कौलं उतरवली आणि पत्रे घातले. गळायचं थांबलं. मग जानेवारी आला आणि पहाटे आतून टिपटिप पाणी पडायला लागलं, बाहेर पावसाचा थेंब नाही आणि दोन म्हशींच्या पाठी ओल्या. मामा म्हणाले भुताटकी. भुताटकी कसली, गुरांचा श्वास ओला आणि गरम असतो, तो वर जाऊन गार पत्र्याला लागला की पाणी होऊन खाली. कौलांच्या फटीतून तो आधी निघून जायचा. जुन्या अमेरिकन बार्नच्या आढ्यावर एक छोटं देवळासारखं खोपटं दिसतं ना, वर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा असलेलं, ते शोभेचं नाही, ही ओली हवा बाहेर जायला ठेवलेलं धुराडं आहे. ते बुजवलं की आत भिंतींवर हिवाळ्यात बर्फाचा पातळ थर धरतो आणि गुरं खोकायला लागतात.

म्हणजे मुद्दा असा, की गोठ्यात जे आपल्याला कच्चं, उघडं, अर्धवट वाटतं, फट, झरोका, वरती न भिडलेली भिंत, ते त्याने विचार करून ठेवलेलं असतं. भावाला म्हणावं आधी फक्त छप्पर कर. वासे, रीपा बदल, वाळवी लागलेलं तेवढं काढ, कौलं परत बसव. जुन्या इमारती पडतात त्या बहुतेक वरून, एक कौल सरकतं, पाणी वाश्यात जातं, वासा खांबाच्या सांध्यात कुजतो, आणि पाच पावसाळ्यांत सगळं जमिनीवर. जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर अजिबात नको, आतली ओल कोंडून राहते आणि चिरा भुगा होतो, चुन्याचा गिलावा कर किंवा उघडा ठेव. काच? एक खिडकी घे मोठी, पूर्ण बाजू नको, मे महिन्यात पाहुणे भाजून निघतील आणि एसीचं बिल तुम्ही भराल.

आणि गव्हाण तोडू नका. त्यात पुस्तकं ठेवा, चपला ठेवा, काहीही ठेवा. पण लाकडाला गुरांच्या मानेने घासून घासून जो गुळगुळीतपणा आलेला असतो, तो कुठल्याही सुताराला पैसे देऊन आणता येत नाही. झुंबराबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. तरीही सांगते, झुंबर नको.

प्रश्न : ओल्या गवताला आपोआप आग लागते हे खरं का? (पेण)

खरंय. नीट न वाळलेलं, वीस-पंचवीस टक्क्यांहून जास्त ओल असलेलं गवत दाबून रचलं की आत जंतू आणि बुरशी कामाला लागतात, त्यातून उष्णता, ती बाहेर निघायला वाट नाही, मग ती वाढतच जाते आणि काही आठवड्यांनी मधूनच पेट घेते. कितीतरी जुने बार्न असे गेले, बाकीचे विजेने आणि कंदिलाने. शेतकरी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायचे, काढल्यावर हाताला चटका बसला तर रात्रीतच ढीग उपसायला घ्यायचा. आपला भाताचा पेंढा आधीच वाळलेला असतो म्हणून उडवी सहसा निभावते, पण अवकाळी पावसात भिजलेला पेंढा तसाच रचू नका, दोन ऊनं द्या.

प्रश्न : मुंबईतल्या मुंबईत असं काही बघायला मिळेल का? आणि बर्फातलं, पण व्हिसाशिवाय? (परळ)

मुंबईत त्याला तबेला म्हणायचं, इथे गोठा शब्द कोणी वापरत नाही. गोरेगावची आरे मिल्क कॉलनी १९४९ साली उभी राहिली तीच मुळी शहरभर पसरलेले तबेले एका ठिकाणी हलवायला. दारा खुरोडी हे त्यामागचे मुख्य गृहस्थ, १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मिळाला. जानेवारीत पहाटे तिथे जा, झाडीमुळे शहरापेक्षा गार असतं, लांबच लांब छपरांवर धुकं आणि त्यातून म्हशींच्या श्वासाची वाफ. शेणाचा वास येणार, तक्रार करायची नाही. आणि कामाच्या मधे उभं राहून सेल्फी काढू नका, ती माणसं तुम्ही गजर बंद करून परत झोपता त्याच्याही आधीपासून उठलेली असतात. मुंबईची थंडी म्हणून हसू पण नका हं, जानेवारी १९६२ मध्ये सांताक्रूझला ७.४ अंशांपर्यंत उतरली होती.

तेवढं लांब नको असेल तर भुलेश्वरचा पांजरापोळ, १८३४ पासूनचा. सी. पी. टँकच्या गर्दीतून, भांडी आणि बांगड्यांच्या दुकानांमधून एका दारातून आत वळलात की एकदम शेकडो गाई. मला तर तिथे अजूनही दर वेळी चुकल्यासारखं होतं.

बर्फासाठी हिमाचल. तिथली काठकुणी घरं बघा, एक थर लाकडाचा एक थर दगडाचा, मधे सिमेंट वगैरे काही नाही, भूकंपातही टिकतात. खालच्या मजल्यावर गुरं, वर माणसं, म्हणजे गाईंची ऊब फळ्यांतून वर. हॉटेलवाला रूम हीटरचे वेगळे पैसे लावेल तेव्हा हे आठवा.

प्रश्न : ताई, बर्फात गाईंना थंडी वाजत नाही का? त्यांना स्वेटर नसतो. (इयत्ता पाचवी, कांदिवली)

बाळा, तुझा प्रश्न सगळ्यात चांगला म्हणून शेवटी ठेवला. गाईच्या पोटात एक मोठी पिशवी असते, त्यात गवत आंबत असतं, आणि आंबताना ते गरम होतं. म्हणजे तिच्या पोटात दिवसरात्र शेगडी चालू. एक मोठी दुभती गाय साधारण हजार वॅटच्या हीटरएवढी तरी उष्णता बाहेर टाकते. तुमच्या बाथरूममधला गीझर बघ, त्याच्यावर किती वॅट लिहिलंय ते, आणि मग वीस गाईंचा हिशोब कर, म्हणजे बार्नमध्ये शेकोटी का लागत नाही ते कळेल. पोटभर वैरण मिळाली, अंग कोरडं राहिलं आणि वारा लागला नाही तर ती शून्य अंशातही मजेत असते. तिला खरा त्रास आपल्या मे महिन्याचा होतो. स्वेटरही असतो तिला, हिवाळा आला की केस दाट आणि लांब होतात. तू कधी बर्फात उभ्या असलेल्या गाईचा फोटो बघितलास तर तिच्या पाठीकडे बघ. पाठीवर बर्फ पडून तसाच राहिला असेल, वितळला नसेल, तर समज की तिची ऊब आतच आहे, बाहेर जातच नाहीये.